गाव येईपर्यंत

घरातली माणसं विनाकारण गोड बोलायला लागली की ओळखावं, कुठेतरी कोणीतरी गेलेलं आहे.

यंदा थंडीत, पोंकाच्या दिवसांत, एका मंगळवारी सकाळी, आमच्या घरात असंच झालं. सुनेनं मी न मागता शिरा केला. एरवी परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षक फिरतात तशी ती माझ्या ताटाभोवती फिरते, साखर कुठून आत येते ते बघत. नात मुग्धा सूर्य डोक्यावर आल्याशिवाय उठत नाही; ती केस विंचरून माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, आजी, तुझा मोबाईल अपडेटला लावलाय, आज मिळणार नाही. अपडेट मी स्वतःच आदल्या आठवड्यात केलं होतं. पण ते मी बोलले नाही. आणि माझा मुलगा सुनील, बँकेतला माणूस, कामाच्या दिवशी दाढी न करता गॅलरीत आमच्याकडे पाठ करून उभा. बऱ्याच वेळानं आत आला, माझ्या चपलांकडे बघत म्हणाला, "आई, वसंतामामाची तब्येत जरा नरम आहे. जाऊन येऊ या का?"

वसंता माझा धाकटा भाऊ. अमळनेरला असतो. असतो असंच लिहितेय अजून, पेन वळत नाही.

सलाईन कुठल्या हाताला लावलंय, हा प्रश्न माझ्या जिभेच्या टोकावर आला होता. तो मी गिळला आणि वर शिरा खाल्ला. सगळा खाल्ला, कारण तिघं माझ्या घासाघासाकडे बघत होती. तो प्रश्न आला कुठून हे सांगायचं तर बरंच मागे, सुरतेतल्या उधन्याच्या चाळीत जावं लागेल, आणि तिथे राहणाऱ्या एका फार हुशार बाईची ओळख करून द्यावी लागेल. ती बाई मीच. पण तिच्याशी माझं आता फारसं पटत नाही.

सुरतेत थंडी अंगाला कळायच्या आधी नाकाला कळते. नदीकाठी पोंकाच्या गाड्या लागतात. ज्वारीची कोवळी कणसं निखाऱ्यात भाजायची, झोडपायची, आणि हिरवेगार दाणे लिंबू-मिरीची शेव घालून कागदात बांधून द्यायचे. आमच्या खानदेशात यालाच हुरडा म्हणतात, पण तो शेतात बसून, हात काळे करून खायचा. इथला दाणा अगदी कोवळा, तोंडात घातला की दुधासारखा. त्या धुराच्या वासात उधन्याला आणखी एक वास मिसळलेला असायचा: शेजारच्या पांडेसऱ्यातल्या, कापड रंगवणाऱ्या गिरण्यांचा, आंबट, डोळ्यांत जाणारा. कडेच्या नाल्याचं पाणी कधी जांभळं, कधी किरमिजी. यंदा लग्नसराईत कुठल्या रंगाच्या साड्या चालणार, हे आम्हा बायकांना दुकानात जायच्या आधी नाल्यावरून कळायचं.

मी तिथे नवी नवरी म्हणून आले तेव्हा धुळ्याची मॅट्रिक होते, आणि तीही पहिल्या वर्गातली. हे मी लोकांनी न विचारताही सांगत असे. आमचे हे गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून. चाळीत बाकी सगळे मागावर काम करणारे, बहुतेक आमच्याच खानदेशातले, घरात अहिराणी बोलणारे. मी मात्र शुद्ध बोलायची. इतकं शुद्ध, की गुजराती दूधवाला मला शाळेची तपासनीस समजून दुधात पाणी कमी घालायचा. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं पेनानं सोडवायची. कोणाच्या घरी कोणाचं भांडण झालं ते वाळत घातलेल्या कपड्यांवरून सांगायची. बरोबर यायचं, हीच तर पंचाईत.

कोपऱ्यावर छगनकाकांचं किराण्याचं दुकान होतं आणि त्यांच्या गल्ल्यामागे चाळीचा एकुलता एक फोन. गावाकडून ट्रंक कॉल आला की काका पोऱ्याला पाठवत नसत, दुकानातूनच हाक द्यायचे, "भाभी, फोन छे!" भाभी म्हणजे मी. मला मराठी, हिंदी, गुजराती तिन्ही यायचं, आणि पलीकडचा माणूस रडत असला तरी त्याच्याकडून नीट निरोप काढून घेता यायचा. निरोप घेऊन मी चौकातूनच ओरडत यायची: सखूबाई, तुम्हाला नातू झाला! रामभाऊ, भावाचं लग्न ठरलं! जिना चढायचीसुद्धा वाट बघायची नाही.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. मेल्याचा निरोप लांबच्या माणसाला कोणी थेट देत नाही. देतात तो आजाराचा. 'तब्येत जास्त आहे, निघून या.' माणसानं तेवढ्यावर घर बंद करायचं, गाडी पकडायची, प्रवास करायचा. खरं काय ते गावाच्या वेशीवर, आपल्या माणसांच्या हातात पडल्यावर. उलट दिशेनंही तेच. गिरणीत कोणी भाजलं, मशिनीत ओढलं गेलं, की त्याच्या गावी 'जरा हाताला लागलंय' असा निरोप जायचा. असे निरोपही मीच दिलेत. 'जरा' हा शब्द मी तेव्हा इतक्या बेमालूम आवाजात म्हणायची की मला स्वतःचं कौतुक वाटायचं. पलीकडे कोणाची तरी आई 'देवाची कृपा, हातावरच निभावलं' म्हणायची आणि मी म्हणायची, हो ना.

आमच्या समोरच्या खोलीत कमल राहायची. दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यातली. नवरा विठ्ठल मागावर, आणि ही घरी साड्यांचे धागे कातरायची. विणून आलेल्या साडीच्या उलट बाजूला लोंबणारे धागे कात्रीनं उडवायचे, साडीला न दुखावता. माझ्याच वयाची. मला 'बॅरिस्टर वहिनी' म्हणायची. मी तिचं अहिराणी सुधारायला जायची आणि ती मान डोलवत सगळं ऐकून घेऊन पुढचं वाक्य तितक्याच ठसक्यात अहिराणीतच बोलायची.

त्या वर्षी पोंकाच्या दिवसांत तिच्या चुलतभावाचा फोन आला. काका, म्हणजे कमलचे आबा, जास्त आहेत, कमलला पाठवून द्या. दुसरी कोणी असती तर बरं म्हणून फोन ठेवला असता. मी बॅरिस्टर. मी विचारलं, कुठल्या डॉक्टरांकडे नेलंय. त्यानं एक नाव सांगितलं. मी विचारलं, मग तुम्ही पोस्टातून का बोलताय, दवाखान्यात कोण आहे. तो म्हणाला, आहेत सगळे. मी विचारलं, सलाईन लावलंय का. हो. कुठल्या हाताला?

मग तो पुरुषमाणूस पोस्टाच्या खिडकीशी उभा राहून रडायला लागला. पहाटेच गेले, म्हणाला. तिला तेवढं सांगू नका वहिनी, वाटेत कोसळेल. लेक आल्याशिवाय उचलणार नाही आम्ही.

मला काय वाटलं ते लिहिते, कारण तेव्हाच्या त्या हुशार पोरीची, म्हणजे माझीच, आता भीड ठेवण्यात अर्थ नाही. मला जिंकल्यासारखं वाटलं. पकडलं की नाही! छगनकाकांच्या दुकानातून मी निघाले ती फुटलेला पेपर हाती लागलेल्या विद्यार्थ्यासारखी. एक मेलेला बाप माझ्या एकटीच्या माहितीत होता आणि त्याचं मला ओझं वाटायच्या आधी अप्रूप वाटलं.

आधी कारखान्याच्या दारात जाऊन मी विठ्ठलला बाहेर बोलावलं आणि सांगितलं. मागांच्या खडखडाटात दोनदा सांगावं लागलं. तो नळावर जाऊन तोंड धुवायला लागला, आणि धूतच राहिला. मग म्हणाला, बदली माणूस मिळाल्याशिवाय मालक सोडायचा नाही, मी उद्या येतो, तुम्ही जाल का तिच्यासोबत? मी हो म्हटलं. मलाही वाटलंच, अशा नाजूक कामाला मॅट्रिक माणूसच पाहिजे.

मग मी जिना चढून वर गेले आणि कमलला सांगितलं की आबांची तब्येत जरा जास्त आहे, आपण दुपारच्या गाडीनं निघू. तिनं कात्री ठेवली. अर्धवट साडी घडी घालून शेजारणीकडे दिली. उधना स्टेशनच्या बाहेर पोंकाची गाडी दिसली तशी थांबली आणि म्हणाली, आबांना दात नाहीत, हुरडा चावत नाही, हा मऊ असतो, नेऊ या. मी म्हटलं, कशाला उगाच, आजारी माणूस. ती म्हणाली, असू दे. पुडी तिनं मांडीवर घेतली ती पूर्ण प्रवास तशीच होती, आणि मी खिडकीतून बाहेर बघत मनात म्हणत होते, बिचारी.

भुसावळकडे जाणारी ती पॅसेंजर जिथे थांबायचं नाही तिथेही थांबते. व्यारा गेलं, नवापूर गेलं. डब्यातल्या बायका विचारत, कुठे निघाल्या? कमल सांगायची, बाप आजारी आहे, भेटायला. एकीनं उठून तिला खिडकीची जागा दिली. एकीनं पेरू कापून हातात ठेवला. एका म्हातारीनं काही न विचारता तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि परत आपल्या जागेवर जाऊन बसली. काय आजार, हे कोणीच विचारलं नाही. मला ते फार नंतर लक्षात आलं. त्या डब्यात फक्त एका माणसाला वाटत होतं की हे गुपित आहे, आणि ते माणूस पहिल्या वर्गात पास झालेलं होतं.

कमल आबांच्या गोष्टी सांगत होती. लहानपणी तिनं वासराला चोरून गूळ चारला म्हणून आबांनी तिला मारलं होतं आणि मग स्वतःच रुसून जेवले नव्हते, ती गोष्ट. सांगताना हसत होती. ते हसणं मला बघवेना. नंदुरबार सुटल्यावर मी ठरवलं की असं बेसावध तिला दारात उभं करणं बरं नाही, सुशिक्षित माणसानं दुसऱ्याच्या मनाची तयारी करायला हवी. मी वाक्यं जुळवली. आत्मा, देह, कोणाच्या हातात काही नसणं, सगळं क्रमानं. घसा खाकरला आणि म्हटलं, "कमल, हे बघ, माणूस म्हटला की..."

तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. धागे कातरून बोटांना घट्टे पडले होते तिच्या, ते ओठांना लागले.

"माले मालूम शे वहिनी," ती म्हणाली. "गाव येवालोंग आबाले जित्ता ऱ्हाऊ द्या."

गाव येईपर्यंत बापाला जिवंत राहू द्या. एवढंच मागत होती. ते मी तिच्याकडून हिसकावून घ्यायला निघाले होते, आणि तेही चांगल्या भाषेत. तिनं हात काढला, पुडी मांडीवर नीट केली आणि पुन्हा सांगायला लागली, आबा असे आहेत, आबांना तसं आवडतं. आहेत. आवडतं. मी हो हो करत राहिले. एवढं एक काम त्या दिवशी मला जमलं.

दोंडाईच्याला बैलगाडी आली होती. गाडीवानाला ती म्हणाली, कसे आहेत आबा? तो म्हणाला, चला. गावात वळायच्या जागी तिचा चुलता उभा दिसला, डोक्याला पागोटं नाही, आणि तिथे तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो माझ्या कानात आहे. मला अडाणीला वाटलं, हिला तर ठाऊक होतं, मग हे काय, नाटक? ओसरीवर आबांना ठेवलं होतं, नाकात कापूस, थंडीमुळे चेहरा तसाच. पोंकाची पुडी कोणीतरी तिच्या हातातून काढून कोनाड्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी ती तिथेच होती, दाणे काळवंडून एकमेकांना चिकटलेले.

कमल सगळं आटपून सुरतेला परतल्यावर एकदा नळावर मी तिला विचारलं, तुला कधी कळलं?

ती म्हणाली, तुम्ही जिना चढून वर आलात ना, तेव्हाच. रोज खालूनच बोंबलत येता.

आणि मग पोंक का घेतलास? तर म्हणाली, घेतला नसता तर मला समजलंय हे तुम्हाला समजलं असतं. मग तुम्ही उधन्यापासूनच मला शिकवायला लागला असतात. आणि हसली. रडून सुजलेल्या डोळ्यांनी हसली. तिच्या बापाच्या मरणाच्या दिवशी ती मला सांभाळत होती, माझ्या हुशारीला कुठे ठेच लागू नये म्हणून. पुढे ती माणसं कडोदऱ्याकडे राहायला गेली, तिथून कुठे गेली कळलं नाही.

यातून मी शहाणी झाले असं कोणाला वाटत असेल तर थांबा. हुशार माणसाची खोड अशी की त्याच्यासमोर शहाणपण आलं तरी तो त्याची गाईड करतो. मी कमलचं ते वाक्य पाठ करून टाकलं. जन्मभर वापरलं. कोणाला काही कळवायचं असलं की मी म्हणायची, गाव येईपर्यंत राहू द्या. नात्यात मला या कामी मान होता. सासूबाई गेल्या तेव्हा यांना मीच तसं नेलं, हे गेले तेव्हा सुनीलला मीच तसं बोलावून घेतलं. आणि मनात एक मांजरासारखा विचार पाय पोटाशी घेऊन बसलेला होता, की माझ्यावर वेळ येईल तेव्हा हे वाक्य मी माझ्यासाठी म्हणेन. किती शोभेल मला. लोक म्हणतील, म्हातारीला सगळं ठाऊक होतं आणि केवढी शांत.

तर त्या मंगळवारी ती वेळ आली होती. मी शिरा खाल्ला, शाल घेतली, सुनीलशेजारी पुढच्या सीटवर बसले. मुग्धा मागे. सून घर बघायला राहिली. दारात तिनं माझे पाय धरले, एरवी दिवाळीतसुद्धा जरा घाईतच धरते. कडोदऱ्याचे ट्रक मागे पडले, बारडोलीची उसाची शेतं आली. मी वसंताला जिवंत ठेवायला घेतलं.

चांगला जिवंत ठेवला. म्हटलं, गेल्या गेल्या आधी त्याला विचारते, माझ्या लोणच्याची बरणी परत का केली नाही. म्हटलं, आजारी पडून लाड करून घ्यायची त्याची जुनी सवय आहे, मुग्धा, तू त्याला अजिबात भाव देऊ नकोस. म्हटलं, सुनील, तुला आठवतं का, त्यानं तुझ्या पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललं होतं, आणि तू बुडालास म्हणून तोच कपड्यांसकट उडी मारून रडायला लागला होता. सुरतेत आमच्या भागातली मराठी शाळा सातवीतच संपायची. पुढे सुनील वसंताकडे अमळनेरला राहिला, कॉलेज होईपर्यंत. मिसरूड फुटताना दाढी करायला त्याला वसंतानंच शिकवलं. आमचे हे पगारातून पैसे पाठवायचे, पण बाप म्हणावं असं रोजचं जे असतं ते वसंताकडे होतं.

सुनील म्हणाला, आठवतं. नंतर म्हणाला, आई, काच वर करू का, वारा लागतोय का. काच वरच होती. सोनगढ गेलं. मी पुढची गोष्ट काढली. माझ्या मते छान चाललं होतं. कमलनं ऐकलं असतं तर तिलाही पटलं असतं, असं वाटत होतं मला.

मग एका गोष्टीवर तो हसायला गेला आणि मध्येच थांबला. मी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. स्टिअरिंगवर बोटं पांढरी पडली होती. दाढीचे खुंट, त्यातले निम्मे पांढरे. माझ्या प्रत्येक 'वसंता असा आहे'ला तो किंचित आत ओढला जात होता, कोणी चिमटा काढावा तसा. सकाळपासून हा पोरका झालेला माणूस माझ्यासमोर तोंड सांभाळत होता, शिरा खा म्हणत होता, चपला पुढे करत होता, आणि मी त्याच्या शेजारी बसून त्याच्या मेलेल्या माणसाला हसवत होते. कमल आपल्या बापाला जिवंत ठेवत होती ते स्वतःसाठी. मी कोणासाठी ठेवत होते? वाक्य तेच होतं. पण गाडीत रडायला जागा न मिळालेला माणूस मी नव्हते.

इतकी वर्षं जपलेलं ते वाक्य मी तिथेच सोडलं. सोडताना वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

"सुनील," मी म्हटलं, "गाडी कडेला घे."

"काय झालं आई? मळमळतंय?"

"घे कडेला."

त्यानं घेतली. ट्रक गेले की गाडी हलत होती. मी विचारलं, "कधी गेला वसंता?"

त्यानं इंजिन बंद केलं. मग म्हणाला, "पहाटे. झोपेतच." आणि एवढा पन्नाशीला आलेला माझा मुलगा स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागला, मामा म्हणत, लहान मुलासारखं नाक ओढत. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. माझं रडणं अजून आलं नव्हतं. ते अमळनेरला येईल, मला माहीत होतं, ते कुठे पळून जात नाही. शाल काढून मी त्याच्या खांद्यावर टाकली आणि त्याचं होईपर्यंत बसून राहिले.

मागून मुग्धा पुढे वाकली. डोळे भरलेले, पण त्यात दुसरंही काहीतरी होतं, जे मी फार चांगलं ओळखते. तिला तपासून बघायचं होतं. मोबाईल, अपडेट, सकाळपासून तिनं केलेली सगळी आखणी, त्यातलं कुठे चुकलं.

"आजी, तुला आधीपासून माहीत होतं?"

धुळ्याची ती पहिल्या वर्गातली पोरगी माझ्या आत ताडकन उठून उभी राहिली. तिच्याकडे पुरावे होते, सगळे क्रमानं होते.

"नाही गं," मी म्हटलं. "आत्ताच कळलं. तुझ्या बाबाकडे बघून."